करंगळी जिवंत निघाली

प्रिय टिटवे,

सगळ्यांत आधी टपकली ती शिंपीण. पाहुण्यांची वेळ दहाची ठरलेली, आणि ही पावणेनऊला दारात उभी, हातात मोठी कात्री. म्हणे, "धार लावायला निघाले होते, म्हटलं जाता जाता बघावं." धारवाला बसतो तिच्या दाराशी आणि माझं घर दोन जिने वर, पण तिला विचारणार कोण? आली ती खिडकीजवळची खुर्ची धरूनच बसली. मीही तिला ऊठ म्हटलं नाही. खरं सांगू, इस्पितळाची माणसं घरी येणार म्हणून सकाळपासून मी तेच टेबल तीनदा पुसलं होतं, आणि शिंपीण बोलायला लागली की बाकीच्यांना घाबरायला फुरसत मिळत नाही.

पत्र बघून तुझ्या कपाळाला आठ्या पडल्या असणार. फोनवर मी किडनी म्हटलं की तुझ्या चष्म्याच्या दुकानात नेमकं गिऱ्हाईक येतं. परवा रविवारीही आलं, दुकान बंद असताना! म्हणून पत्र. फोन कापता येतो, पत्र कापता येत नाही. फाडता येतं, पण तिसरी शिकलेल्या आजीने चार दुपारी बसून लिहिलेलं तू फाडणार नाहीस, तेवढी मी तुला ओळखते. जन्मलीस तेव्हा अशी ओरडलीस की नर्सने दार लावून घेतलं. टिटवी नाव मी तेव्हाच ठेवलं. आता ओरडत नाहीस, नुसतं "नको" म्हणतेस, ते जास्त जड जातं.

तुझं म्हणणं मला पाठ झालंय. माझ्या सगळ्या तपासण्या झाल्या, रक्त जुळलं, माझी एक किडनी तुला चालते असं चार डॉक्टरांनी लिहून दिलं, तरी तू नको म्हणतेस. बाबाची घेतली ती वाया गेली, आता या घरात माझ्यापायी आणखी कुणाला कापायचं नाही, हे एक. चौसष्टीच्या बाईचा अवयव कसला टिकतोय, हे दुसरं. आणि शेवटी ते ठेवणीतलं: आजी, सहा वर्षांपूर्वी तुला नापास केलं होतं, मग आता पास कशी झालीस? त्या शेवटच्याचं उत्तर मी फोनवर कधी दिलं नाही. देईन. आधी पाहुण्यांचं ऐक.

दहाला पाच कमी असताना दोघी आल्या. एक रुग्णालयातली समन्वयक, म्हणजे देणारा, घेणारा आणि डॉक्टर यांच्यामधली ये-जा करणारी बाई. तिच्या काखेत कायम फाइल असते, म्हणून मी तिला फाइलवालीच म्हणते. दुसरी तुझ्या वयाची एक इंजिनियर, दोन पायांत दोन रंगांचे मोजे, आणि हातात करड्या रंगाची जड पेटी. पेटी टेबलावर ठेवते न ठेवते तोच शिंपीण म्हणाली, "हाताचं की पायाचं?" तिला वाटलं शिलाईचं यंत्र आहे. पोरगी गोंधळली. मग म्हणाली, "डोळ्याचं आहे, मावशी." मला ती तिथेच आवडली.

त्या का आल्या, तेही सांगते. तुझं-माझं ऑपरेशन झालंच, तर त्या वेळी किडनीवर एक नवा कॅमेरा धरायचा म्हणतात. तो अजून सगळीकडे वापरात नाही, पारखून बघणं चाललंय, म्हणून आपल्या दोघींची सही लागते. फाइलवालीने कागद पुढे केला तेव्हा मी सांगून टाकलं की बाई, मी जन्मभर उजेडाला धरल्याशिवाय कशाला पास म्हटलेलं नाही, तुमच्या कॅमेऱ्याला तरी का म्हणू? आधी दाखवा, मग सही. मला वाटलं चिडेल. ती हसली आणि म्हणाली, "आणते घरी, पण बिस्किटं ठेवा." ठेवली होती. शिंपिणीने पाहुण्यांच्या आधीच चार संपवली.

तर ती पेटी उघडली. आत एक दांडा, दांड्याच्या टोकाला गुडघ्याच्या वाटीएवढा कॅमेरा, आणि एक पडदा. पोरीने दांडा टेबलाला अडकवला आणि मला म्हणाली, "आजी, पंजा पालथा ठेवा खाली. हात लावायचा नाही, सुई नाही, काही नाही." वरून लालसर उजेड पडला. ती म्हणाली, कातडीखाली रक्त पळत असतं, तिथे हा उजेड थरथरतो. जिथे रक्त थांबलंय तिथे थरथरत नाही. यंत्र ती थरथर मोजतं आणि पडद्यावर रंग भरतं. पळतंय तिथे लाल, सुस्त आहे तिथे हिरवा, थांबलं तिथे निळा. आणि मी बघते तर पडद्यावर माझा हात, टिटवे! माझा सुरकुतलेला, डाग पडलेला हात, आणि आत नुसती धावपळ. छातीचा ठोका पडला की बोटांच्या टोकांशी लाल रंग वर यायचा. मी तर बघतच राहिले. चौसष्ट वर्षं हा हात माझ्याजवळ आहे आणि आत एवढं काम चाललंय हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

पण मी काय लगेच भुलणारी नाही. शिंपिणीला म्हटलं, "दोरा दे." तिच्या कानामागे सुई-दोरा असतोच. तर्जनीला कचकन गाठ मारली. बघता बघता बोट पडद्यावर हिरवं झालं, मग निळं. वरून बघशील तर बोटाला अजून काही झालेलं दिसत नव्हतं! डोळ्याला तेच, पडद्यावर निळं. दोरा कापला, तसं लाल रंगाचा लोंढा आत शिरला. मी तीनदा करून बघितलं. पोरगी म्हणाली, "आजी, पुरे, बोट दुखेल." मी म्हटलं, "दुखू दे. यंत्र खोटं बोलत असेल तर एकदा बोलेल, तीनदा नाही बोलणार."

मला ते बाकीच्यांपेक्षा लवकर कळलं, आणि का कळलं ते तुला ठाऊक आहे. उबवणी केंद्रातली माझी बावीस वर्षं. तू लहानपणी हजारदा ऐकलंयस, एकदा आणखी ऐक. काळोखी खोली, एक दिवा, दिव्याला डबा आणि डब्याला भोक. सातव्या दिवशी एकेक अंडं त्या भोकावर धरायचं. आत जीव असेल तर कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल रेघा आणि मधे हलणारा ठिपका. जीव गेला असेल तर रेघा विरून एक लाल कडं उरतं. मोकळं असेल तर नुसता पिवळा उजेड. दिवसाला हजारो अंडी. आणि आमच्या मोठ्या बाईंचा नियम एकच: शंका आली की बाद. कारण मेलेलं अंडं यंत्रात राहिलं, सडून फुटलं, की सगळा ट्रे जातो. नियम चुकीचा नव्हता.

पण पहिल्याच वर्षी मी काय केलं? एका खेपेला गडद तपकिरी अंडी आली, जाड कवचाची. दिव्यावर धरली की नुसता अंधार. ट्रे पुढे न्यायची घाई, मला शंका आली, आणि नियम तर पाठ. सगळी बादच्या बादलीत. चहाला उठलो तर मोठ्या बाई बादलीपाशी उभ्या. त्यांनी एक फोडलं. आत जीव होता. दुसऱ्यात होता. त्या मला एवढंच म्हणाल्या, "कवच जाड होतं, दिवा कमी होता, आणि तू घाईत होतीस. यात अंड्याचा काय दोष?" त्या दिवसापासून त्यांच्या नियमाच्या आत मी माझा एक नियम घातला. शंका आली तर परत धर. दिवा मोठा कर, हात फिरव, कोपऱ्याकडून बघ, आणि मग काय ते ठरव. पुढची एकवीस वर्षं माझ्या हातून तसं झालं नाही. अंड्यांच्या बाबतीत तरी नाही.

भरकटले. तर पडद्यावर हात होता. अनामिकेचं टोक हिरवट दिसायला लागलं, दोरा नसताना. पोरगी वाकून बघते, फाइलवाली वाकून बघते. आजोबांची अंगठी! चाळीस वर्षं काढलेली नाही, बोट तिच्याभोवती वाढत गेलेलं. शिंपीण म्हणते, "नवरा जाऊन अकरा वर्षं झाली, अजून गळा आवळतोय." एवढ्या हसलो की पोरीचा दांडा हलला. साबण लावून, ओढून, शिव्या घालून अंगठी काढली. ऑपरेशनला काढावी लागणारच होती. तिथे आता पांढरं कडं उरलंय आणि मी सारखी तिथे हात लावते.

आणि मग करंगळी. माझी मेलेली करंगळी तुला आठवते ना? उबवणी यंत्राच्या दारात चिरडली तेव्हापासून वाकडी, बधिर. तुला भीती घालायला मी तिच्यात सुई खुपसून दाखवायचे आणि तू किंचाळत बाबाकडे पळायचीस. एकतीस वर्षं सगळं घर तिला मेलेली म्हणतं. मी तर तिला हातमोज्यातही नीट घालत नसे. ती पडद्यावर लालबुंद, शेजारणीपेक्षा लाल! मी पोरीला म्हटलं, "तुझं यंत्र चुकलं." तिने शांतपणे सांगितलं, "शीर तुटली ती संवेदनेची, आजी. रक्ताच्या नळ्या शाबूत आहेत. तिला काही कळत नाही, पण ती जिवंत आहे." एकतीस वर्षं, टिटवे. आत सगळं चालू होतं आणि आम्ही तिला बाद करून बसलो होतो. काल तिला मी मुद्दाम तेल चोळलं. तिला कळलं नाही, पण मला बरं वाटलं.

मग मी मुद्द्याचं विचारलं. म्हटलं, पोटात याचा काय उपयोग? ती म्हणाली, किडनी जोडतात, नळ्या शिवतात, मग चिमटे सोडतात आणि रक्त आत जातं. डोळ्याला सगळी गुलाबी दिसते. पण एखादी नळी किंचित मुडपलेली असते, एखादा कोपरा उपाशी राहतो, ते लगेच दिसत नाही. हा कॅमेरा पोट उघडं असतानाच दाखवतो की रक्त कुठे पोचलं, कुठे नाही. न पोचलेलं दिसलं की सर्जन तिथल्या तिथे टाका उसवून नीट करतो. शिंपीण मान डोलवत म्हणाली, "म्हणजे अस्तर लावायच्या आधी ट्रायल." पोरीने ते वहीत लिहून घेतलं, खरंच.

तेवढ्यात तुझा बाप आला. लिफ्ट दुरुस्त करून थेट, कोपरापर्यंत ग्रीस. तो कोपऱ्यात उभा राहून सगळं बघत होता. ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी तुझ्या पोटातून त्याची किडनी काढली तेव्हाही असाच उभा होता, स्वतःच्या टाक्यांवर हात धरून. आठवतं, सर्जन स्वतः येऊन काय म्हणाला? "आत शीर पिळवटली होती. बंद करताना डोळ्याला चांगली दिसत होती." खोटं नव्हता बोलत. तर बापाने पोरीला विचारलं, "हे तेव्हा असतं तर?" शिंपिणीने तोंडाशी नेलेला कप खाली ठेवला. पोरीने घाई केली नाही. म्हणाली, "वाचली असती असं नाही म्हणणार, काका. दिसलं असतं, एवढंच म्हणते. दिसलं की हाताला वेळ मिळतो. हे यंत्र दुरुस्त काही करत नाही. आणि वरवरचंच दिसतं याला, खूप आतलं नाही." मला हे उत्तर पटलं. सगळं दिसतं म्हणाली असती तर मी सही केली नसती. आमच्या दिव्यालाही तपकिरी कवच भारी पडायचंच.

बापाने मग ग्रीसचा हात पुसला आणि उजेडाखाली धरला. बराच वेळ धरला. जाताना मला म्हणाला, "तिला लिही, मला रिकाम्या बाजूला काही दुखत नाही. उलट शर्ट बरा बसतो." त्याचा विनोद तुला ठाऊक आहे, हसू येत नाही आणि रडूही येऊ देत नाही.

मी सही केली. पूर्ण नाव लिहिलं, जोडाक्षरासकट. माझ्या सहीच्या शेजारी एक चौकोन रिकामा आहे, तो तुझा. फाइलवालीने मला बजावलं की त्या चौकोनासाठी तुझ्यावर जोर करायचा नाही, तो तुझा हक्क आहे, आणि मलाही शेवटच्या क्षणापर्यंत मागे फिरायची मुभा आहे. मी म्हटलं, माझी मुभा तुम्हीच ठेवा. दोन महिने झाले, मी रोज चार जिने चढते-उतरते, मिठाची बरणी शिंपिणीकडे ठेवायला दिली आहे, आणि रक्तदाब मोजणारी नर्स म्हणते की तुमच्यापेक्षा माझाच जास्त आहे. मी कुठे फिरत नाही.

मग फाइल चाळता चाळता ती म्हणाली, "आजी, तुमचा सहा वर्षांपूर्वीचा अहवाल यात सापडत नाही." मी म्हटलं, "चहा गार होतोय." शिंपिणीने माझ्याकडे बघितलं. ती कापडाचा धागा सुटलेला लांबून ओळखते. जाताना जिन्यात म्हणाली, "काय ते पोरीला तूच सांग. दुसऱ्याकडून कळलं तर ते फाटतं, शिवता येत नाही."

तर सांगते. अहवाल सापडत नाही, कारण तो झालाच नाही. त्या वेळी मला कुणी नापास केलं नव्हतं. तुझ्या आईचं रक्त जुळत नव्हतं, आधी माझी तपासणी आणि मग बापाची असं ठरलं होतं. मी गेले, नंबर पुकारला, खुर्चीवर बसले, बाही वर केली. समोरच्या ट्रेमध्ये सुया होत्या. आणि मला पोट कापलेली मी दिसले. नर्स कापूस आणायला वळली आणि मी मागच्या जिन्याने खाली उतरले, बागेत दोन तास बसले, आणि घरी येऊन सांगितलं, माझी चालत नाही म्हणाले. कुणी कागद मागितला नाही. तुझा बाप दुसऱ्या दिवशी गेला. माझी चालली असती असं मी म्हणत नाही, तीही पिळवटली असती कदाचित. पण मी स्वतःला उजेडाला न धरताच बादलीत टाकलं, आणि सहा वर्षं तुम्ही सगळे मला "बिचारी, तिला द्यायची होती" म्हणत राहिलात, ते मी ऐकून घेतलं. बापाला मी काल सांगितलं. त्याने उठून माझ्यासाठी चहा टाकला. तू रागाव, हवी तेवढी ओरड, टिटवी आहेस. माफी मी मागत नाही, आणि किडनी घेच असंही म्हणत नाही. फक्त मी नापास होते म्हणून नको म्हणू नकोस, कारण ते खोटं आहे आणि ते माझं आहे. तू दुकानात कुणाचे डोळे तपासल्याशिवाय नंबर सांगत नाहीस. तशी एकदा ये, माझ्या शेजारी बस, तुझा हात त्या उजेडाखाली धर, माझाही बघ, मेलेल्या करंगळीसकट, आणि मग नको म्हणालीस तर मी तो कागद स्वतः दुमडून ठेवीन. डायलिसिसचे तुझे वार मला माहीत आहेत, ते सोडूनच दिवस मागून घेतला. दोघी पेटी घेऊन परत येतायत, शिंपीण नऊलाच येईल. गुरुवारी, दहा वाजता.

तुझीच,
आजी